मुंबईतला मलेरिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्यात चाळी, सोसायट्या आणि बांधकामांवर मलेरियाविषयी बोलायला गेलं की लोक जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची ही उत्तरं. औषधांचे डोस मुद्दाम दिलेले नाहीत. ते वय, वजन आणि रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनीच ठरवायचे असतात.

मलेरिया नेमका कशामुळे होतो?

प्लाझमोडियम नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे. हा विषाणू नाही आणि जिवाणूही नाही, त्यामुळे मागच्या आजारपणातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊन तो बरा होईल अशी आशा ठेवू नका. माणसाला मलेरिया करणाऱ्या प्लाझमोडियमच्या पाच जाती आहेत. मुंबईत गाठ पडते ती मुख्यतः दोन जातींशी: व्हायव्हॅक्स आणि फॅल्सिपॅरम. लॅबच्या रिपोर्टवर 'पीव्ही' आणि 'पीएफ' लिहिलेलं असतं ते याच दोघांसाठी. कधीकधी दोन्ही एकदम सापडतात. रिपोर्ट हातात आला की यातलं काय निघालंय ते आधी विचारा. दोघांचे उपचार वेगळे आहेत आणि धोकाही वेगळा आहे.

आमच्या सोसायटीत कुठे घाण नाही, गटारं झाकलेली आहेत. मग मलेरिया आला कुठून?

बहुधा गच्चीवरून.

मुंबईत मलेरिया पसरवणारा डास म्हणजे अ‍ॅनोफिलीस स्टीफन्सी. त्याला स्वच्छ, साचलेलं पाणी आवडतं. गटारात आणि नाल्यात झुंडीने वाढतो तो क्युलेक्स. त्याच्या चावण्याने झोप उडते, त्याच्यामुळे हत्तीरोगही पसरतो, पण मलेरिया पसरत नाही. नगरसेवकाला फोन करून नाला साफ करून घेणारी माणसं आपल्याच इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर वर्षानुवर्षं चढलेली नसतात, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की हा प्रश्न आला की मी आधी गच्चीची किल्ली मागतो.

टाकी, जमिनीखालची टाकी, विहीर, कारंजं, बंद पडलेला कूलर, गच्चीवर टाकून दिलेली पिंपं, पत्र्यावर पसरलेल्या ताडपत्रीच्या खळग्यात साचलेलं पाणी, लिफ्टच्या खड्ड्यात झिरपलेलं पाणी, या सगळ्या त्याच्या अंडी घालायच्या जागा.

टाकीला झाकण आहे, तरी महापालिकेची नोटीस आली. हे कसं?

झाकण असणं आणि टाकी बंद असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. नेहमी दिसणारं चित्र सांगतो. झाकण जागेवर असतं, पण बिजागरी गंजून गेलेली. वाऱ्याने उडू नये म्हणून वर एक वीट ठेवलेली. एका कोपऱ्यात बोटभर फट. ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी नाही, हवेच्या नळीला बांधलेलं फडकं कुजून गळून पडलेलं. डासाच्या मादीला आत जायला एवढी वाट पुष्कळ झाली.

टॉर्च पाण्यावर तिरका धरला तर अळ्या दिसतात. अ‍ॅनोफिलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली असते. सावली पडली की झटका देऊन सरकते आणि खाली बुडी मारते. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिसची अळी डोकं खाली करून तिरकी लटकते. पांढऱ्या भांड्यात थोडं पाणी काढून दोन मिनिटं थांबलात तर हा फरक चष्मा लावून कुणालाही कळतो. सेक्रेटरींना आणि वॉचमनला एकदा हे दाखवा. नुसत्या सूचनेपेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त होतो.

टाकीला घट्ट बसणारं, कडी लागणारं झाकण हवं. ओव्हरफ्लोला आणि हवेच्या नळीला बारीक जाळी हवी. टाकीवर चढायला धड शिडी हवी, कारण शिडी नसेल तर महापालिकेचा माणूस वर चढणार कसा? आणि तो चढला नाही तर तुमच्या टाकीत काय चाललंय हे कुणालाच कळणार नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ नुसार डासांची पैदास आढळली तर महापालिका नोटीस देऊ शकते आणि खटलाही भरू शकते. नोटीस आली म्हणून रागावू नका. त्या दिवशी कुणीतरी तुमच्यासाठी गच्चीपर्यंत चढून आलं होतं.

डास चावला की मलेरिया झाला, इतकं सरळ आहे का?

नाही, आणि मधली वाट समजून घेण्यासारखी आहे. चावते ती फक्त मादी, कारण अंड्यांसाठी तिला रक्त लागतं. ती आधी एखाद्या मलेरियाच्या रुग्णाला चावते आणि त्याच्या रक्तातली परजीवीची नर-मादी रूपं तिच्या पोटात जातात. तिथे त्यांची वाढ होते, पोटाच्या आतल्या भिंतीवर गाठी येतात, त्या फुटतात आणि परजीवी तिच्या लाळेच्या ग्रंथींत जाऊन बसतात. या सगळ्याला साधारण दहा-बारा दिवस लागतात. म्हणजे नुकतीच जन्मलेली मादी मलेरिया देऊ शकत नाही. एवढे दिवस जगलेली मादीच धोक्याची. मुंबईची दमट, उबदार हवा इथे तिच्या कामी येते. दमटपणात डास जास्त दिवस जगतो आणि उष्णतेत परजीवीची वाढ लवकर होते. थंडीतही मुंबईचा पारा फारसा खाली उतरत नाही, म्हणून इथे मलेरिया बारा महिने असतो. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोनेक महिन्यांत तो वाढतो, इतकंच.

पुढे ती मादी निरोगी माणसाला चावते आणि लाळेबरोबर परजीवी सोडते. ते थोड्याच वेळात यकृत गाठतात, तिथे काही दिवस वाढतात आणि मग हजारोंच्या संख्येने रक्तात उतरून तांबड्या पेशींत शिरतात. पेशी फुटतात, नवे परजीवी बाहेर पडतात, ते नव्या पेशींत शिरतात. पेशी एकदम फुटल्या की अंगात हुडहुडी भरते.

रक्तात परजीवी असतो हे फ्रेंच डॉक्टर लाव्हेराँ यांनी १८८० साली अल्जीरियात पाहिलं. डासाच्या पोटात त्याची वाढ होते हे रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत दिसलं. रॉस यांना त्यासाठी १९०२ चं नोबेल मिळालं. म्हणून २० ऑगस्ट हा जागतिक डास दिन.

डास चावल्यापासून किती दिवसांनी ताप येतो?

फॅल्सिपॅरममध्ये साधारण ९ ते १४ दिवस, व्हायव्हॅक्समध्ये १२ ते १७ दिवस, क्वचित कितीतरी महिने. त्यामुळे 'काल डास चावले आणि आज ताप आला' असं असेल तर त्याचा कालच्या डासाशी संबंध नाही. डॉक्टरांना मागच्या दोन-तीन आठवड्यांत तुम्ही कुठे होतात ते सांगा.

घरात एकाला झाला तर इतरांना लागतो का? ताट-पेला वेगळा ठेवायचा का?

नाही. शिंकण्याने, एकत्र जेवण्याने, एका अंथरुणात झोपण्याने मलेरिया होत नाही. मध्ये डास लागतो. मुख्य अपवाद दोन: दूषित रक्त चढवलं गेलं तर आणि आईकडून पोटातल्या बाळाला. रक्तपेढीत दान केलेलं रक्त मलेरियासाठी तपासलं जातं. तुम्हाला मलेरिया होऊन गेला असेल तर पूर्ण बरे झाल्यावर किमान तीन महिने रक्तदान करू नका. पण रुग्णाला मच्छरदाणीत मात्र जरूर झोपवा. त्याला चावलेला डासच उद्या तुम्हाला चावणार आहे.

आम्ही अठराव्या मजल्यावर राहतो. इतक्या वर डास येतात?

खालून उडत यायची त्याला गरज नाही. टाकी तुमच्या डोक्यावर आहे.

शेजारी टॉवरचं काम सुरू झालं आणि आमच्याकडे मलेरिया वाढला. हा योगायोग आहे का?

बहुतेक वेळा नाही. स्लॅब घातला की काँक्रीट मुरायला त्यावर बारीक बांध घालून पाणी साठवतात. तळघरात पावसाचं पाणी भरतं. लिफ्टचे खड्डे उघडे असतात, पिंपांना झाकण नसतं. हे सगळं स्वच्छ पाणी आणि अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला मुंबईच्या हवेत सात ते दहा दिवस पुरतात. त्यातच काम करणारी माणसं देशाच्या वेगवेगळ्या भागांतून आलेली असतात. ती पत्र्याच्या खोल्यांत, मच्छरदाणीशिवाय झोपतात आणि रोजंदारी बुडेल म्हणून ताप अंगावर काढतात. डास आणि परजीवी, दोन्ही एका आवारात.

यात एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. 'मजुरांनी मलेरिया आणला' असं सोसायटीच्या मीटिंगमध्ये सर्रास बोललं जातं. मजूर आजारी पडतो तो ठेकेदाराने साठवलेल्या पाण्यामुळे. त्याची रक्ततपासणी करणं, त्याला औषधाचा पूर्ण कोर्स देणं, त्याला मच्छरदाणी देणं आणि आठवड्यातून एकदा साइटवरचं सगळं पाणी रिकामं करणं ही बिल्डरची जबाबदारी आहे. वरळी, लोअर परळ, लालबाग या भागांत गिरण्या पाडून टॉवर उठले. त्या काळात आसपासच्या चाळींनी जे सोसलं ते तिथल्या कुठल्याही जुन्या डॉक्टरांना विचारा. २०१० साली मुंबईत मलेरियाचे ७० हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले. पुढे आकडा बराच खाली आला, म्हणजे हा रोग आटोक्यात आणता येतो.

मुंबईत मलेरिया नवा आहे का?

मुळीच नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फोर्ट आणि गिरगाव परिसरात मलेरियाचा कहर होता. डॉ. चार्ल्स बेंटली यांनी चौकशी करून १९११ साली अहवाल दिला आणि बोट ठेवलं ते घरोघरच्या विहिरींवर. त्यातल्या स्वच्छ पाण्यात स्टीफन्सी वाढत होता. मग विहिरी बुजवण्याची किंवा झाकण्याची मोहीम निघाली. लोकांचा विरोध झाला, कारण कित्येक विहिरींवर पूजा होत असे, पारशी कुटुंबं विहिरीवर दिवा लावत. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिका बेहराम विहीर आजही आहे आणि श्रद्धेने जपलेली आहे. श्रद्धा आणि झाकण यांचं वैर नाही. विहिरीला जाळी बसवता येते आणि पाण्यात गप्पी किंवा गम्बुसिया मासे सोडता येतात. हे मासे अळ्या खातात.

अवघड गोष्ट अशी की विहिरी कमी झाल्या, पण हाच डास टाक्यांत राहायला शिकला. अलीकडे तो आफ्रिकेतही पोचला आहे. २०१२ साली जिबूतीत सापडला आणि आता तिथली शहरं आपल्यासारखीच टाक्या तपासत आहेत.

महापालिका रोज धूर का मारत नाही?

धुराने त्या वेळी हवेत उडणारे डास मरतात. टाकीतल्या अळीला काहीच होत नाही आणि आठवड्याभरात पुढची फौज उडायला तयार होते. रुग्ण सापडलेल्या जागेभोवती फवारणी करायला अर्थ आहे. रोज गल्लीतून धुराचं मशीन फिरवण्याने समाधान मिळतं, मलेरिया कमी होत नाही. धुरासाठी जेवढा आग्रह धरतो तेवढा आपल्याच गच्चीसाठी धरला असता तर अर्ध्या सोसायट्यांना धुराची गरज पडली नसती असं माझं ठाम मत आहे. आठवड्यातून एक वार ठरवा, त्या दिवशी पिंपं, बादल्या, कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करा, घासा, कोरड्या करा. घासणं विसरू नका, कारण कडेला चिकटलेली एडिसची अंडी त्यानेच निघतात.

थंडी वाजली नाही, मग मलेरिया नसेल ना?

असू शकतो. आधी हुडहुडी, मग कडकडीत ताप, मग घाम आणि एक दिवसाआड पुन्हा तेच, हे चित्र खरं आहे, पण दर वेळी दिसत नाही. सुरुवातीच्या दिवसांत ताप रोज येतो. लहान मुलांत नुसत्या उलट्या-जुलाब असतात, म्हाताऱ्या माणसांत नुसती गळाठ. डेंग्यूतही डोकं आणि अंग दुखतं, प्लेटलेट मलेरियातही उतरतात. पुराच्या पाण्यातून चालून आला असाल तर लेप्टोही (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा जिवाणूंचा आजार) डोक्यात ठेवावा लागतो. म्हणून अंदाज बांधू नका. मुंबईत ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा. महापालिकेच्या दवाखान्यांत आणि रुग्णालयांत ही तपासणी मोफत होते.

बेशुद्धी किंवा बरळणं, फिट, धाप, कावीळ, लघवी काळपट होणं किंवा अगदी कमी होणं, पोटात पाणीही न टिकणं, यातलं काहीही दिसलं तर तडक मोठ्या रुग्णालयात न्या. फॅल्सिपॅरमने भरलेल्या पेशी मेंदूतल्या आणि मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्यांत चिकटून बसतात आणि एक-दोन दिवसांत हसतंखेळतं माणूस अत्यवस्थ होतं. व्हायव्हॅक्सही नेहमी सौम्य असतो असं समजू नका.

रिपोर्ट निगेटिव्ह आला, पण ताप जात नाही.

पुन्हा तपासा. परजीवी फार कमी असतील तर रक्ताचा थेंब पसरून तपासतात त्या एका काचपट्टीवर सुटून जातात. ताप सुरू असेल तर डॉक्टर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परत रक्त मागतात, ते पैसे काढायला नव्हे. झटपट होणारी किट तपासणी चांगली आहे, पण फॅल्सिपॅरम बरा झाल्यावरही ती काही आठवडे पॉझिटिव्ह दाखवू शकते. अशा वेळी सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टीच खरं सांगते. आणि तपासणीआधी स्वतःच्या मनाने मलेरियाच्या गोळ्या घेऊ नका. त्याने रिपोर्ट फसतो.

ताप तिसऱ्या दिवशी उतरला. तरी चौदा दिवस गोळ्या कशाला?

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, म्हणून सविस्तर.

व्हायव्हॅक्समध्ये क्लोरोक्वीनने रक्तातले परजीवी मरतात, ताप जातो, भूक लागते. पण काही परजीवी यकृतात झोपून राहिलेले असतात. ते काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी जागे होतात आणि डास न चावताही मलेरिया उलटतो. त्यांना मारण्यासाठी प्रायमाक्वीन चौदा दिवस घ्यायचं असतं. 'मला दर वर्षी होतोच' म्हणणाऱ्या माणसाच्या घरी औषधांचा डबा उघडा. बऱ्याचदा तळाशी प्रायमाक्वीनची अर्धी पट्टी सापडते, पहिल्या आठवड्याच्या जागा फुटलेल्या, बाकीच्या गोळ्या तशाच. बरं वाटायला लागल्यावर गोळ्या सोडल्या जातात, तो नेमका हाच आठवडा. जेवणानंतर घ्या, पोट बिघडत नाही. कॅलेंडरवर खुणा करा.

एक सावधगिरी आहे. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असते त्यांच्या तांबड्या पेशी प्रायमाक्वीनने फुटू शकतात. पारशी समाजासह काही समाजांत ही कमतरता जास्त आढळते. त्याची वेगळी रक्ततपासणी असते. गोळ्या चालू असताना लघवी गडद तपकिरी झाली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना गाठा. गरोदर बायकांना आणि वर्षाच्या आतल्या बाळांना प्रायमाक्वीन देत नाहीत.

फॅल्सिपॅरमला आर्टेमिसिनिन गटाचं औषध दुसऱ्या औषधाच्या जोडीने तीन दिवस देतात आणि प्रायमाक्वीनचा एकच डोस. तो एक डोस रुग्णासाठी कमी आणि शेजाऱ्यांसाठी जास्त असतो. रक्तातली जी रूपं डासाच्या पोटात जाऊन वाढतात ती त्याने मरतात.

गरोदर बाईला ताप आला तर?

वाट बघू नका, त्याच दिवशी तपासणी. गरोदरपणात मलेरिया जोरात येतो, रक्त झपाट्याने कमी होतं, गर्भपाताचा आणि बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका असतो. औषधं आहेत, फक्त निवड डॉक्टरांची.

प्लेटलेट वाढवायला पपईच्या पानांचा रस द्यावा का?

मलेरियात प्लेटलेट परजीवी गेला की आपोआप वर येतात. रसाच्या नादात औषधाला उशीर झाला तर नुकसान मोठं आहे.

मलेरियाची लस आहे म्हणतात. मुंबईत मिळेल का?

लशी आहेत. आरटीएस,एस या लशीची जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये शिफारस केली. दुसरी आर-२१, तिची शिफारस २०२३ मध्ये झाली आणि ती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. दोन्ही फॅल्सिपॅरमविरुद्ध आहेत आणि मुख्यतः आफ्रिकेतल्या लहान मुलांसाठी वापरल्या जातात. व्हायव्हॅक्सवर त्या चालत नाहीत. तेव्हा आपल्यासाठी सध्या जाळी, झाकण आणि वेळेवर तपासणी हेच आहे.

गणपतीला गावी जायचंय. काही काळजी?

मुंबईत ताप येऊन गेला असेल तर गोळ्या बरोबर न्या आणि कोर्स तिकडे पुरा करा. अर्धवट उपचार झालेला माणूस गावातल्या डासांना परजीवी देऊन येतो. गावी ताप आला तर तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 'मुंबईहून आलोय' हे पहिल्या वाक्यात सांगा. निघण्यापूर्वी घरातल्या बादल्या, पिंपं उपडी घाला. दहा दिवस बंद घरात भरलेलं पिंप म्हणजे परत आल्यावर घरभर नवे डास. गडचिरोलीसारख्या जंगलपट्ट्यातून परत येणाऱ्यांनी पुढचे काही आठवडे प्रत्येक ताप मलेरिया समजून तपासावा.

कॉइल, अगरबत्ती, मच्छरदाणी, यातलं काय चांगलं?

मच्छरदाणी. स्टीफन्सी संध्याकाळनंतर आणि रात्री चावतो. नीट खोचलेल्या मच्छरदाणीला काही तोड नाही. कीटकनाशक लावलेली असेल तर उत्तमच. खिडक्यांना जाळी बसवा. कॉइलचा धूर बंद खोलीत बाळाच्या छातीला चांगला नाही. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून दुपारी झोपणाऱ्या तान्ह्या बाळालाही मच्छरदाणी घाला.

शेजारच्या बंद इमारतीत पाणी साचलंय, मालक ऐकत नाही. काय करायचं?

महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. किंवा वॉर्ड ऑफिसात कीटकनाशक विभागात लेखी द्या. 'डास फार झालेत' एवढंच लिहू नका. इमारतीचं नाव, पाणी नेमकं कुठे आहे (गच्ची, तळघर, लिफ्टचा खड्डा), किती दिवसांपासून आहे आणि वर जायची किल्ली कुणाकडे आहे ते लिहा. सोबत फोटो द्या. मलेरियाचे रुग्ण निघाले असतील तर तेही नमूद करा, त्याने प्राधान्य बदलतं. आठवड्यात कुणी आलं नाही तर तोच तक्रार क्रमांक देऊन पुन्हा फोन करा.